मदरबोर्ड बदलताना पांढऱ्या स्लॉटचं काय करायचं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. आपल्याकडे विदर्भात कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात, धर्मकाट्याच्या खोलीत, फर्निचरच्या कारखान्यात जे कॉम्प्युटर चालू आहेत ते बरेचसे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचे. म्हणजे नवीन विंडोज हवं तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही एकदम बदलायचे, कारण जुनी डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही. इथपर्यंत सगळे तयार असतात. खरा प्रश्न कॅबिनेट उघडल्यावर येतो. बोर्डाच्या खालच्या बाजूला एक पांढरा स्लॉट, म्हणजे जुनी पीसीआय पद्धतीची खाच, त्यात एक कार्ड, आणि त्या कार्डातून निघालेली वायर खिडकीतून थेट बाहेरच्या मशीनपर्यंत गेलेली.

मग मालक विचारतो, "कार्ड तं चांगलं चालू हाय नं भाऊ, नवीन बोर्डात बसन का नाही?"

हा प्रश्न रास्त आहे. जे चालतं ते फेकायचं नाही, ही आपल्याकडची शहाणी रीत आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण या प्रश्नाचं उत्तर स्लॉटकडे पाहून मिळत नाही. ते मिळतं वायरच्या दुसऱ्या टोकाला कोणतं मशीन आहे आणि त्या मशीनचं सॉफ्टवेअर कोणत्या विंडोजवर चालतं, हे पाहून. माझ्या मते दहातल्या बहुतेक ठिकाणी पांढऱ्या स्लॉटची गरज उरलेली नाही. जिथे ती खरंच उरली आहे, तिथे स्लॉटवाला नवीन बोर्ड शोधत बसण्यापेक्षा जुना कॉम्प्युटर जपणं जास्त शहाणपणाचं आहे. का, ते नीट सांगतो.

आधी ज्यांना काळजीच नको त्यांना मोकळं करतो. सेतू केंद्र, झेरॉक्सचं दुकान, ग्रामपंचायतीतलं ऑपरेटरचं टेबल, शाळेचं ऑफिस, घरचा कॉम्प्युटर. यातल्या जुन्या कार्डांत लॅन कार्ड असतं, साउंड कार्ड असतं, डायल-अपच्या काळातलं मॉडेम असतं, कधी टीव्ही ट्यूनर असतो. लॅन आणि साउंड आता प्रत्येक बोर्डावरच येतात. मॉडेम आणि ट्यूनरचं काम संपलं. तुम्ही स्लॉटचा विचार न करता बोर्ड घ्या.

आता हा पांढरा स्लॉट आहे तरी काय? कॉम्प्युटरला जास्तीचं एखादं काम शिकवायचं असेल तर त्या कामाचं कार्ड बोर्डात खोचायची जागा म्हणजे स्लॉट. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून आयएसए नावाचे स्लॉट होते, १९८४ मध्ये ते १६ बिटचे झाले. त्यांचा वेग साधारण ८ मेगाहर्ट्झ. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणला: ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला जास्तीत जास्त १३३ एमबी. हाच तो पांढरा स्लॉट. मध्यंतरी ग्राफिक्ससाठी एजीपी नावाचा तपकिरी स्लॉट आला नि गेला. २००३ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस आला, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बोर्डांवर मुख्यतः तोच असतो. एक छोटा, एक लांब, बहुतेक काळ्या रंगाचे.

पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेस यांची नावं सारखी, पण आतली व्यवस्था वेगळी. पीसीआय म्हणजे शिवारातला एकच पांदण रस्ता. सगळ्यांच्या बैलगाड्या त्याच रस्त्याने जाणार. एकाची गाडी मध्ये असेल तर बाकीचे थांबणार. १३३ एमबीचा वेग बोर्डावरच्या सगळ्या पीसीआय कार्डांना मिळून असतो. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटला स्वतःचा वेगळा रस्ता. त्याच्या पहिल्या पिढीत एका लेनला, म्हणजे अशा एका रस्त्याला, सेकंदाला २५० एमबी जायचे, तिसऱ्या पिढीत जवळपास ९८५ एमबी जातात. खाचा वेगळ्या, विजेचे संकेत वेगळे. त्यामुळे पीसीआय कार्ड पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसतच नाही. दाबून बसवायला गेलं तर कार्डही जातं, स्लॉटही जातो.

बोर्ड बनवणाऱ्यांनी पीसीआय एका दिवसात बंद केला नाही. २०११ च्या सुमाराला इंटेलने घरगुती बोर्डांच्या चिपसेटमधून, म्हणजे बोर्डाचा कारभार पाहणाऱ्या मुख्य चिपमधून, पीसीआयची सोय काढली. त्यानंतर ज्या बोर्डांवर पांढरा स्लॉट दिसतो, त्यातल्या बहुतेकांत एक छोटी ब्रिज चिप असते. ती पीसीआय एक्स्प्रेसची एक लेन घेऊन तिचं जुन्या पीसीआयमध्ये रूपांतर करते. म्हणून स्लॉट ठेवल्याने कॉम्प्युटर हळू होतो असं जे सांगतात, त्यात तथ्य नाही. एक लेन खर्ची पडते, एवढंच. आजच्या स्वस्तातल्या एच६१० चिपसेटकडे पीसीआय एक्स्प्रेसच्या आठ लेन असतात. ऑफिसच्या कामाला त्यातली एक गेल्याने काही बिघडत नाही. खरी किंमत निवडीत मोजावी लागते. पांढऱ्या स्लॉटचा हट्ट धरला की बाजारातले बहुतेक बोर्ड बाद होतात. मग मिळेल तो, जुन्या पिढीचा, अनेकदा वापरलेला बोर्ड घ्यावा लागतो.

एवढं करून कार्ड बसलं, तरी ते चालेलच असं नाही. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानात तो सहसा कोणी सांगत नाही.

कार्ड आणि विंडोज यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ६४ बिट विंडोजला ६४ बिटचा, डिजिटल सही असलेला ड्रायव्हर लागतो. तुमच्या कार्डासोबत जी सीडी आली होती, ती विंडोज एक्सपीच्या काळातली असेल तर तिच्यावरचा ड्रायव्हर ३२ बिटचा. तो इथे चालणार नाही, मग स्लॉट कितीही छान असो. कार्ड स्लॉटमध्ये घट्ट बसलेलं, दिवा लागलेला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. पैसे गेलेले असतात, बोर्ड परत होत नाही, नि मशीन उभं. जुन्या डॉस प्रोग्रामचंही तसंच. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही. त्यासाठी डॉसबॉक्ससारखी वेगळी सोय करावी लागते.

म्हणून बोर्ड विकत घेण्याच्या आधी जुना कॉम्प्युटर चालू असतानाच एक काम करा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्या कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. तिथे व्हीईएन आणि डीईव्ही असे दोन आकडे दिसतात. पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. व्हीईएन ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक. ९७१० आणि ९८३५ अशी जोडी दिसली तर ते मॉसचिपचं सिरियल-पॅरलल कार्ड. त्या आकड्यांचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. या आकड्यांवरून ६४ बिटचा ड्रायव्हर आहे की नाही, हे घरबसल्या शोधता येतं. बाजारात एकाच दिसण्याची कार्डं वेगवेगळ्या चिपची निघतात. कार्डाच्या रंगावरून किंवा खोक्यावरच्या नावावरून काही ठरवू नका.

आता मशीनकडे येऊ. आपल्या भागात कार्डाच्या वायरला सगळ्यात जास्त वेळा असतो तो काटा. हिंगणघाट असो, वणी असो की दर्यापूर, कापसाच्या गाड्या दसरा-दिवाळीनंतर काट्यावर उभ्या राहायला लागल्या की त्या खोलीतला कॉम्प्युटर बंद पडून चालत नाही. काट्याखाली वजन मोजणारे लोडसेल, त्यांच्या वायरी वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरला, आणि इंडिकेटरमधून वजनाचा आकडा सिरियल केबलने कॉम्प्युटरला. ही आरएस-२३२ पद्धत. तिचा वेग आजच्या हिशोबाने फार कमी, पुष्कळदा सेकंदाला २४०० किंवा ९६०० बिट. एवढ्या कामाला पीसीआय स्लॉट कधीच लागत नव्हता. स्लॉटमध्ये कार्ड लावलं गेलं ते बोर्डाच्या मागे नऊ पिनचं पोर्ट नव्हतं म्हणून, किंवा होतं ते जळालं म्हणून.

मात्र आजच्याही पुष्कळ स्वस्त बोर्डांवर, मागे पोर्ट दिसत नसलं तरी, आत सिरियल पोर्टची जागा असते. बोर्डाच्या कडेला दोन ओळींत नऊ पिना, दहावी जागा रिकामी, आणि शेजारी कॉम असं छापलेलं. त्यात ब्रॅकेटची, म्हणजे कॅबिनेटच्या मागे बसणाऱ्या पोर्टाच्या पत्र्याची, पट्टी केबल खोचली की कॉम्प्युटरच्या मागे नऊ पिनचं खरं पोर्ट तयार होतं, तेही बहुतेक कॉम१ म्हणूनच. जुनं सॉफ्टवेअर कॉम१ च मागत असेल तर यासारखं सोपं काही नाही. बोर्ड घेताना पांढऱ्या स्लॉटपेक्षा या नऊ पिनांचा आग्रह धरा.

इथे एक बारीक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. या पट्टी केबल दिसायला एकसारख्या असतात, पण आतली तारांची मांडणी दोन प्रकारची येते. एका प्रकारात पट्टीतल्या तारा पोर्टाच्या पाच आणि चार पिनांच्या ओळींना क्रमाने जातात, दुसऱ्यात त्या आलटून-पालटून जातात. जुन्या कॉम्प्युटरमधला ब्रॅकेट काढून नव्या बोर्डाला लावला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम१ व्यवस्थित दिसतो, काही चूक दाखवत नाही, पण वजन येत नाही. मग माणूस सॉफ्टवेअर बदलतो, इंडिकेटरवर संशय घेतो, काटेवाल्याला फोन करतो. इंडिकेटर मात्र कोणी उघडायचा नाही. त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचं सील असतं.

खरं तपासायचं ते असं. काट्याची केबल काढून ठेवा. नऊ पिनच्या पोर्टाकडे समोरून पाहा, पाच पिनांची ओळ वर येईल असं. डावीकडून दुसरी आणि तिसरी पिन एकमेकांना जोडा; बारीक तारेचा तुकडा किंवा दुकानात मिळणारी छोटी जंपर टोपी चालते. मग पुटीसारख्या प्रोग्राममध्ये कॉम१ उघडा आणि कीबोर्डवर काहीही टाइप करा. दुसरी पिन ऐकण्याची, तिसरी बोलण्याची. दोन्ही जोडल्यामुळे तुम्ही टाइप केलेलं अक्षर परत तुमच्याच स्क्रीनवर यायला हवं. आलं तर पोर्ट, ब्रॅकेट आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक. नाही आलं तर आधी ब्रॅकेट बदला. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि अर्धा दिवस वाचवते.

बोर्डावर त्या नऊ पिनाही नसतील तर दोन वाटा. छोट्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारं सिरियल कार्ड, किंवा यूएसबी-टू-सिरियल केबल. केबल स्वस्त आणि सोपी, म्हणून सगळे तीच घेतात. घ्यायला हरकत नाही, पण आतली चिप विचारून घ्या. एफटीडीआय, प्रोलिफिक आणि सीएच३४० या तीन चिप सर्रास मिळतात. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपला कंपनीनेच नव्या विंडोजमध्ये आधार देणं थांबवलं आहे. ती केबल विंडोज ७ वर चालते, ११ वर लावली की चूक दाखवते. एफटीडीआयच्या नकली चिपही फिरतात. २०१४ मध्ये तर त्या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिप ओळखून त्या निकामी केल्या होत्या. लोकांच्या चालू केबली एका अपडेटने बंद पडल्या. साध्या कामाला सीएच३४० ची चांगली केबल पुरते.

केबल लावली की ती कॉम५, कॉम७ असा कुठलाही नंबर घेते. काट्याचं सॉफ्टवेअर फक्त कॉम१ ते कॉम४ ओळखत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्ज, मग अॅडव्हान्स्ड, तिथे नंबर बदलून द्या. आणि केबल ज्या यूएसबी पोर्टला लावली, तिथेच राहू द्या. पुष्कळ केबली दुसऱ्या पोर्टला लावल्या की विंडोज त्यांना नवीन समजून वेगळा नंबर देतं. सकाळी झाडताना कोणी केबल काढून शेजारच्या पोर्टला लावली की काटा बंद. त्या पोर्टाभोवती रंगीत टेप गुंडाळा आणि मुनीमजीला दाखवून ठेवा.

स्लॉट ठेवा-न ठेवाच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते. आपल्याकडे ती सगळ्यात महागात पडते: वीज. मृगाच्या पावसाआधी आभाळ गडगडायला लागतं तेव्हा काटा असतो उघड्यावर, ऑफिस असतं काही अंतरावर, आणि दोघांना जोडणारी सिरियल केबल. आरएस-२३२ मध्ये एक तार दोन्हीकडच्या ग्राउंडला थेट जोडते. जवळपास वीज पडली की काट्याकडची जमीन आणि ऑफिसची अर्थिंग यांच्या पातळीत क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो करंट याच तारेतून वाट काढतो. अर्थिंग नीट नसेल, आणि ती बऱ्याच ठिकाणी नीट नसते, तर लाइट जाऊन येतानाही हे होऊ शकतं. केबल थेट बोर्डावरच्या पोर्टाला लागलेली असेल तर तो झटका बोर्डावरच्याच चिपला बसतो. कधी फक्त पोर्ट जातं, कधी सगळा बोर्ड.

ज्यांनी पूर्वी बोर्डावर पोर्ट असूनही वेगळं कार्ड लावलं होतं, त्यांनी विचार करूनच लावलं होतं. झटका आला तर पुष्कळदा कार्ड जायचं, बोर्ड वाचायचा. हा फायदा नव्या बोर्डातही ठेवायचा आहे, पण त्यासाठी पांढरा स्लॉट लागत नाही. ऑप्टो-आयसोलेटर असलेला सिरियल कन्व्हर्टर मिळतो. त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये तार नसते, आकडा प्रकाशाच्या संकेताने पलीकडे जातो. साध्या केबलपेक्षा तो महाग आहे, पण मदरबोर्डापेक्षा स्वस्त आहे. काट्यासाठी माझी शिफारस हीच: आयसोलेटरवाला कन्व्हर्टर रोजच्या कामाला, बोर्डावरच्या नऊ पिना अडीअडचणीला, आणि आरएस-२३२ ची केबल साधारण १५ मीटरच्या आत. अंतर जास्त असेल तर आरएस-४८५ ही लांब अंतराला चालणारी जोडणी करून घ्या. आणि पाऊस येताना दिसला, गाड्या नाहीत, तर केबल हाताने काढून ठेवा. याहून खात्रीचा उपाय नाही.

काट्याची पावती छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टचा असेल तर यूएसबी-टू-पॅरलल केबलने छपाई होते. पण तीच केबल मशीन चालवायला किंवा जुन्या सॉफ्टवेअरचं पॅरलल पोर्टमध्ये लावायचं कुलूप ओळखायला चालत नाही. ती फक्त प्रिंटरची भाषा जाणते.

आता ती मशीन, जिच्यासाठी पांढरा स्लॉट खरंच लागतो. तालुक्याच्या गावांत सागवानी दारांवर गणपती, मोर, वेलबुट्टी कोरणारे सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारी मशीन, आता पुष्कळ झाले. आलापल्ली-बल्लारशाचं सागवान आपल्याच भागातलं, त्यामुळे हा धंदा इथे चांगला चालतो. यातल्या बऱ्याच जुन्या राऊटरमध्ये एनसी स्टुडिओ हे सॉफ्टवेअर असतं आणि मशीनसोबत आलेलं कंट्रोल कार्ड पीसीआयचं. हे कार्ड साधं पोर्ट नाही. तीन मोटरींना कोणत्या क्षणी किती फिरायचं, हे त्यातून जातं. कार्ड नसेल तर सॉफ्टवेअर मशीन चालवत नाही, आणि जुन्या आवृत्त्या ३२ बिट विंडोजसाठीच बनलेल्या. काही जुन्या फ्लेक्स छपाईच्या मशीनलाही असंच खास कार्ड असतं. मॅक३ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारे राऊटर पॅरलल पोर्ट वापरतात, आणि त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हरही फक्त ३२ बिट विंडोजवरच चालतो.

अशा वेळी लोक तीन उपाय सुचवतात. पहिला, पीसीआय स्लॉट असलेला थोडा नवा बोर्ड. एच८१, एच११०, एच३१० या चिपसेटच्या काही बोर्डांवर पांढरा स्लॉट येत होता. त्यातला एच३१० आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर घेतो, म्हणजे विंडोज ११ आणि पांढरा स्लॉट दोन्ही एकत्र मिळतात. ऐकायला उत्तम. पण तुमच्या कार्डाचा ६४ बिट ड्रायव्हर नसेल तर विंडोज ११ चा त्याला काय उपयोग? दुसरा, पीसीआय एक्स्प्रेसमधून पीसीआय काढणारं अडॅप्टर. साध्या कार्डांना ते चालतं. राऊटरच्या कार्डाला वेळेचा काटेकोरपणा लागतो. तिथे अडॅप्टर चाललं तर चाललं, आणि नाही चाललं तर कोरीव काम अर्ध्यावर असताना रेघ सरकते. सागवानाची फळी वाया जाते. परत घेण्याच्या बोलीवर मिळत असेल तरच आणा, आणि आधी टाकाऊ प्लायवर चालवून बघा. तिसरा, नव्या कॉम्प्युटरमध्ये व्हर्च्युअल मशीन करून त्यात एक्सपी. त्यात सिरियल पोर्ट आत देता येतो, पण असं पीसीआय कार्ड साध्या व्हर्च्युअल मशीनला देता येत नाही.

म्हणून राऊटरवाल्याला मी स्पष्ट सांगतो: हा कॉम्प्युटर अपग्रेड करायचा नाही. तो आता कॉम्प्युटर नाही, तुमच्या राऊटरचाच भाग आहे. डिझाइन बनवायला, बिलाला, इंटरनेटला नवीन कॉम्प्युटर घ्या. जुना फक्त मशीन चालवेल. त्याचं इंटरनेट तोडा, फाइल पेनड्राइव्हने न्या, आणि तो पेनड्राइव्ह आधी नव्या कॉम्प्युटरवर तपासून घ्या.

जुना जपायचा म्हणजे नुसता ठेवून द्यायचा नाही. आधी हार्डडिस्कचा पूर्ण क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर काढा आणि त्या क्लोनवरून मशीन एकदा चालवून पाहा. न तपासलेल्या क्लोनवर भरवसा ठेवू नका. बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममधल्या, सेटिंगचे फोटो काढा, विशेषतः डिस्क जोडण्याच्या साटा मोडचा आणि पॅरलल पोर्टच्या मोडचा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली की बायोस मूळ सेटिंगवर जातं. साटा मोड आयडीई चा एएचसीआय झाला की एक्सपी सुरू होताना निळी स्क्रीन दाखवतं. लोक समजतात विंडोज उडालं, फॉरमॅट मारतात, आणि मशीनचं सेटिंग कायमचं जातं. खरं तर एक बॅटरी बदलून एक सेटिंग मागे फिरवायचं असतं. बॅटरी आताच बदलून टाका.

मग धूळ. लाकडाचा भुसा काय किंवा जिनिंगमधली रुई काय, प्रोसेसरच्या पंख्याखाली तिचा थर साचतो आणि वरून पंखा फिरताना दिसत असला तरी हवा खाली जातच नाही. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो. बोर्डावरच्या गोल कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आधी आणि सीझनच्या आधी, पंखा काढून ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर बोर्ड बंद पडायची वाट पाहू नका. कपॅसिटर बदलून देणारे कारागीर मिळतात. आणि त्याच मॉडेलचा एक जुना बोर्ड, प्रोसेसरसकट, नागपूरला सीताबर्डीत किंवा कुठेही मिळाला तर घेऊन ठेवा. आज हे बोर्ड स्वस्त आहेत. आणखी काही वर्षांनी चांगल्या स्थितीतले मिळणं कठीण होईल.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांचा प्रश्न छोटा आहे. डीव्ही कॅसेटसाठी कॅमेऱ्यातून चित्रीकरण कॉम्प्युटरमध्ये घेणारं फायरवायर कार्ड असेल तर त्याचं पीसीआय एक्स्प्रेस रूप मिळतं. पण कॅसेट किती काळ टिकतील याची खात्री नाही. जुना कॉम्प्युटर आणि कॅमेरा दोन्ही चालू आहेत तोवरच सगळ्या कॅसेट डिस्कवर उतरवून घ्या, लोकांच्या आयुष्यातले दिवस आहेत त्यात. ते झालं की कार्डही नको, स्लॉटही नको.

बोर्ड घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. पीसीआय आहे का म्हणून विचारलं की तो हो म्हणतो, आणि त्याच्या मनात पीसीआय एक्स्प्रेस असतो. बोर्ड डोळ्यांनी बघा, किंवा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरचं मॅन्युअल मोबाइलवर उघडा. त्यात कॉम हेडर, म्हणजे त्या नऊ पिना, कुठे आहे आणि त्याच्या पिनांची मांडणी कोणती, दोन्ही चित्रासह दिलेलं असतं. तोच बोर्ड घेताना त्याच्याच मांडणीचा ब्रॅकेट मागून घ्या.

आणि हे काम पोळ्याच्या आसपास उरका, गाड्या लागल्यावर नाही. नवीन कॉम्प्युटर लावला की आधी रिकामी ट्रॉली काट्यावर घ्या, मग भरलेली. इंडिकेटरवरचा आकडा आणि पावतीवर छापलेला आकडा दोन्ही वेळा जुळले पाहिजेत, शेवटच्या अंकापर्यंत. बॉड रेट, म्हणजे सिरियल केबलचा ठरवलेला वेग, चुकला तर स्क्रीनवर अगम्य अक्षरं येतात, ती चूक लगेच दिसते. आकडा वाचायचा फॉरमॅट चुकला तर वजन दिसतं पण एखादा अंक गळालेला असतो, आणि ती चूक शेतकऱ्याच्या पट्टीत उतरते. दोन-चार वेगवेगळ्या गाड्यांची वजनं अशी जुळवून पाहिल्याशिवाय जुना कॉम्प्युटर टेबलाखालून हलवू नका.